मानेच्या शिरांच्या जखमा: निदान, उपचार आणि कोडिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी शस्त्रक्रिया करते. आरोग्य केंद्रांतले तरुण डॉक्टर, सिस्टर, १०८ वरची मंडळी आणि पेशंटचे नातेवाईक मला मानेच्या जखमांबद्दल विचारत असतात. हल्ली त्यांत मेडिकल कोडिंग, म्हणजे फायलींतली निदानं आणि उपचार ठरलेल्या यादीतल्या कोडांत लिहायचं काम, शिकणाऱ्या मुलामुलींची भर पडली आहे. रत्नागिरीत किंवा कुडाळात घरी बसून ती परदेशी हॉस्पिटलांच्या फायली कोड करतात. सगळ्यांचे प्रश्न एकत्र केल्यावर लक्षात आलं, की सर्जनला आणि कोडरला शेवटी तीनच गोष्टी हव्या असतात: कोणती शीर, कोणत्या बाजूची, कितपत फाटलेली. खालची उत्तरं याच धाग्याने गेली आहेत.

एक सूचना. कोड देवनागरीत लिहिले असले तरी फॉर्मवर ते रोमन अक्षरांतच भरायचे.

१. मानेत नेमक्या कोणत्या शिरा असतात? ‘धोरी नस’ म्हणतात ती हीच का?

बोलण्यात आपण धमनी, शीर, मज्जातंतू, सगळ्यांनाच ‘नस’ म्हणतो. झोपेतून उठल्यावर ‘मानेची शीर आखडली’ म्हणतो, तो तर स्नायू असतो. इथे शीर म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी नळी.

मुख्य शिरा दोन जोड्यांत आहेत. बाह्य जुग्युलर कातडीच्या जवळून जाते. भजनीबुवांनी वरचा सूर लावला की मानेच्या बाजूला फुगलेली दिसते ती हीच. अंतर्गत जुग्युलर खोल असते. मेंदूचं बरंचसं रक्त ती खाली आणते आणि कॅरोटिड धमनी व व्हेगस मज्जातंतू यांच्यासोबत एकाच आवरणात राहते. पुढच्या बाजूला, घाटीच्या आसपास, अँटिरिअर जुग्युलर नावाच्या बारीक शिरा असतात. धोरी नस तुटली असं लोक म्हणतात तेव्हा कॅरोटिड, अंतर्गत जुग्युलर, किंवा दोन्ही असू शकतात.

२. रक्त बघून शीर तुटली की धमनी, हे ओळखता येतं का?

पुस्तकात येतं. शिरेचं रक्त काळपट आणि सलग वाहणारं, धमनीचं लालभडक आणि ठोक्याठोक्याला उडणारं. रात्री मोबाइलच्या उजेडात, शर्ट भिजलेला असताना हा फरक विश्वासाचा राहत नाही. खूप रक्त गेल्यावर धमनीचाही जोर ओसरतो. शिवाय दोन्ही नळ्या चिकटून असल्यामुळे एकाच घावात दोन्ही कापल्या जाऊ शकतात. ओळखण्यात वेळ घालवू नका, दोन्हींसाठी पहिला उपाय एकच आहे (प्रश्न ३).

३. मानेला लागलंय, रक्त वाहतंय, दवाखाना तासाभराच्या वाटेवर आहे. आम्ही काय करायचं?

दाबून धरा. टॉवेल, ओढणी, पंचा, हाताशी असेल ते स्वच्छ कापड जखमेवर ठेवून बोटांनी नेमकं त्याच जागी दाबा आणि दाब सोडू नका. थांबलं का म्हणून दर दोन मिनिटांनी उचलून बघितलं की बसत आलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. मानेच्या दोन्ही बाजू एकदम आवळू नका आणि श्वासनलिकेवर भार देऊ नका.

माणसाला आडवं करा. बसवून, डोकं वर धरून नेऊ नका. त्यामागचं कारण प्रश्न ४ मध्ये आहे आणि ते जिवावरचं आहे. तोंडात रक्त येत असेल, घुसमटत असेल तर कुशीवर वळवा.

मानेभोवती कापड गुंडाळून गाठ मारू नका. हाताला-पायाला बांधतो तशी पट्टी इथे चालत नाही. लाकडाची सल, गळ, काच, लोखंडाचा तुकडा रुतलेला असेल तर तो उपसू नका, त्याच्या कडेने दाबा. टोळ मासा पाण्यातून उसळून मानेत घुसला असेल तर त्याची चोच आत मोडलेली असू शकते, तिलाही हात लावायचा नाही. अशी वस्तू आत असते तोवर बऱ्याचदा तिनेच भोक बुजवलेलं असतं. हळद, चहापूड, राख काही भरू नका. तोंडाने पाणी किंवा चहा देऊ नका, भूल द्यावी लागणार आहे.

एकाने दाबायचं, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. नेणार असाल त्या हॉस्पिटललाही आधी कळवा. तुम्ही पोचेपर्यंत रक्ताची आणि भूलतज्ज्ञांची जुळवाजुळव होते.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मदत केली तर आपण अडकू, ही भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

४. मानेच्या शिरेतून हवा आत ओढली जाते, हे खरं आहे?

खरं आहे. लोकांना वाहणारं रक्त दिसतं, पण शिरेच्या जखमेत आत जाणारी हवाही तितकीच घातक असते.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीत ओढ तयार होते. माणूस बसलेला किंवा उभा असेल तर मान हृदयाच्या वर असते आणि शिरेतला दाब शून्याच्या आसपास किंवा त्याखाली जातो. खालच्या मानेतल्या शिरा भोवतालच्या पडद्यांना धरलेल्या असतात, त्यामुळे कापल्यावर पूर्ण मिटत नाहीत. भोक उघडं राहतं आणि प्रत्येक श्वासाला हवा आत जाते. सलाइनच्या १४ नंबरच्या सुईएवढ्या भोकातून, पाण्याच्या फक्त ५ सेंटीमीटर दाबाच्या फरकाला, सेकंदाला सुमारे १०० मिलिलिटर हवा जाऊ शकते. मोठ्या माणसाला २०० ते ३०० मिलिलिटर हवा प्राणघातक ठरू शकते. हिशेब सेकंदांचा आहे.

सुस्कारल्यासारखा आवाज, एकाएकी धाप, घसरणारं बीपी, शुद्ध हरपणं ही चिन्हं दिसली तर जखम हाताने पूर्ण झाका, डोकं खाली आणि पाय वर करा, डाव्या कुशीवर वळवा, पूर्ण ऑक्सिजन द्या. डाव्या कुशीवर हवा हृदयाच्या उजव्या भागात वर अडकून राहते आणि फुप्फुसाकडचा मार्ग मोकळा राहायला मदत होते. डोकं खाली केल्यावर रक्त थोडं जास्त येईल. ते दाबाने आवरता येतं, आत गेलेली हवा हाताने बाहेर काढता येत नाही.

कोडरसाठी: जखमेमुळे हवा गेल्याची नोंद असेल तर टी७९.० हा कोड जोडीला येतो.

५. जखम जेमतेम अर्ध्या इंचाची आहे, रक्तही थांबलंय. केंद्रातच दोन टाके घालून घरी पाठवलं तर?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा थांबते.

ऑगस्टमधली दुपार होती. काजूच्या बागेत ग्रासकटर चालवणाऱ्या माणसाला मानेच्या डाव्या बाजूला काहीतरी लागलं. कुंपणाच्या तारेचा तुकडा पात्याखाली येऊन उडाला होता. भोक तांदळाच्या दाण्याएवढं. केंद्रावर पोचेस्तोवर रक्त थांबलेलं, माणूस स्वतः चालत आलेला. तिथल्या सिस्टरला एवढंच दिसलं, की त्याचा आवाज घोगरा झालाय आणि गळपट्टीचं बटण मघापेक्षा घट्ट बसलंय. तिने बोटं जखमेवर ठेवली ती आमच्या टेबलापर्यंत. सव्वा तास, खड्ड्यांतून, मागच्या सीटवर गुडघे टेकून. आम्ही तिचा हात बाजूला घ्यायला सांगितला तेव्हा तिची बोटं उघडेनात, आम्हाला ती एकेक करून सोडवावी लागली. आत अंतर्गत जुग्युलरला बोटाच्या पेराएवढी फट होती. बाहेर दोन टाके पडले असते तर सूज आतल्या आत वाढत जाऊन श्वासनलिका दाबली गेली असती.

नियम असा: कातडीखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू असतो. दाढी करताना मान ताणली की पट्ट्यांसारखा दिसतो तो. जखम त्याच्या वरच थांबली असेल तर ती वरवरची, धुऊन टाके घाला. तो भेदला असेल, किंवा भेदला की नाही हे नक्की सांगता येत नसेल, तर ती खोल जखम समजून सर्जन असेल तिथे पाठवा. खोली बघायला बोट, चिमटा किंवा प्रोब घालू नका. शिरेतलं रक्त कमी दाबाचं असल्यामुळे भोवतालच्या सुजेने आणि गुठळीने थांबलेलं असतं, ती गुठळी हलवलीत तर केंद्रात ते पुन्हा थांबवता येणार नाही.

बिबट्याच्या चाव्याचंही तेच. बाहेर चार टोचे दिसतात, दात खोल गेलेले असतात. त्यात जंतुसंसर्ग आणि रेबीजची लस व सीरम यांचाही विचार लागतो.

६. कॉलर लावायची का?

भोसकलेल्या किंवा कापलेल्या जखमेत, हातपाय हलत असतील आणि मणक्याच्या इजेची चिन्हं नसतील तर नको. कॉलरखाली वाढणारी सूज दिसत नाही, दाबता येत नाही, श्वासनलिकेत नळी घालणंही अवघड होतं. गाडीच्या अपघातात, उंचावरून पडल्यावर किंवा मुक्या मारात मात्र मणक्याची काळजी घ्यायलाच हवी.

७. झोन एक, दोन, तीन म्हणजे काय? आता ते जुनं झालं म्हणतात.

गळपट्टीच्या हाडापासून क्रिकॉइड कूर्चेपर्यंत (घाटीच्या खालचं कडं) झोन एक, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत दोन, त्यावर कवटीच्या तळापर्यंत तीन. पूर्वी झोन दोनची प्रत्येक खोल जखम उघडून बघत. आता आधी पेशंटची अवस्था पाहतात, झोन नंतर. बाहेरचं भोक एका झोनमध्ये आणि शीर फाटलेली दुसऱ्याच झोनमध्ये, असं होतंच. तरी कागदावर झोन लिहा. फोनवर ऐकणाऱ्या सर्जनला त्यावरून कळतं, की छाती उघडायची तयारी ठेवायची का. झोन एकमधली जखम कोडरलाही चकवते (प्रश्न १५).

८. कोणत्या तपासण्या करायच्या?

आधी पेशंटकडे बघा. भळभळतं रक्त, वाढत जाणारी सूज, सूज धडधडणं किंवा तिच्यावर घरघर ऐकू येणं, जखमेतून बुडबुडे, सलाइन-रक्त देऊनही न सावरणारं बीपी, एका बाजूचे हातपाय लुळे पडणं, यातलं काही असेल तर तपासणी नाही, थेट ऑपरेशन थिएटर. अशा पेशंटला सीटीच्या टेबलावर झोपवू नका.

पेशंट स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेला सीटी) हा पहिला पर्याय. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. नेहमीच्या अँजिओग्राफीत चित्र घेतात ते औषध धमनीत असताना, शिरा तेव्हा नीट भरलेल्याच नसतात. रेडिओलॉजिस्टना ‘व्हीनस फेजही घ्या’, म्हणजे औषध शिरांत पोचल्यावरचंही चित्र घ्या, असं चिठ्ठीवर लिहून द्या. तसं न लिहिता आलेल्या ‘नॉर्मल’ रिपोर्टने शिरेची जखम नाकारली जात नाही.

डॉपलर सोनोग्राफीने मधल्या मानेतली शीर चांगली दिसते, पण जबड्यामागे आणि गळपट्टीच्या हाडामागे ती पोचत नाही. छातीचा एक्सरे काढाच. फुप्फुसाभोवती हवा-रक्त आहे का आणि धातूचा तुकडा कुठे आहे हे कळतं. धातूची शंका असेल तर एमआरआय नको. अन्ननलिकेची जखम सुरुवातीला गप्प असते, म्हणून गिळताना दुखतंय का हे मुद्दाम विचारा.

मोठी हॉस्पिटलं आमच्यापासून लांब: कोल्हापूर घाटापलीकडे आणि गोव्यातलं बांबोळी राज्याच्या हद्दीपलीकडे. तिथे पाठवायचंच असेल तर श्वासनलिका सुरक्षित करून पाठवा. आंबा घाटातल्या वळणावर नळी घालायची वेळ कोणावर येऊ नये.

९. शीर बांधून टाकली असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मेंदूचं रक्त परत कसं येणार?

नातेवाइकांच्या चेहऱ्यावरची ही भीती मी ओळखते, आणि तिचं उत्तर दिलासा देणारं आहे.

बाह्य जुग्युलर बांधली तर काहीही बिघडत नाही. एका बाजूची अंतर्गत जुग्युलर बांधली तरी बहुतेकांना चालते. दुसऱ्या बाजूची शीर आणि मणक्याभोवतीचं शिरांचं जाळं काम उचलतं. आपण उभे असताना तर अंतर्गत जुग्युलर जवळजवळ मिटलेल्याच असतात आणि रक्त मुख्यतः त्या जाळ्यातून उतरतं. तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेतल्या गाठी काढताना काही वेळा ही शीर मुद्दाम काढावी लागते आणि माणसं बरी होऊन घरी जातात. काही दिवस चेहऱ्याला सूज राहील, उशी उंच ठेवा.

तरीही पेशंट स्थिर असेल आणि फट साधी असेल तर आम्ही शीर शिवतोच, बारीक पॉलिप्रोपिलिनच्या धाग्याने. बीपी कोसळत असताना मात्र सुबक शिवण घालत बसायचं नसतं, बांधायचं आणि जीव वाचवायचा. दोन्ही बाजूंच्या फाटल्या असतील तर निदान एक तरी दुरुस्त करण्याचा आटोकाट प्रयत्न करायचा. दोन्ही एकदम बांधल्या तर चेहरा आणि श्वासमार्ग सुजतो, मेंदूतला दाब वाढू शकतो.

१०. सर्जन यायला वेळ आहे आणि दाबूनही रक्त थांबत नाही. काही करता येतं का?

फोली कॅथेटर. लघवीची नळी प्रत्येक केंद्रात असते. ती जखमेत अलगद सरकवायची, रक्त थांबेपर्यंत तिच्या टोकाच्या फुग्यात निर्जंतुक पाणी भरायचं, नळीचं तोंड चिमट्याने बंद करायचं आणि कातडी नळीभोवती टाक्यांनी आवळायची. प्रश्न ५ मध्ये ‘काही घालू नका’ म्हटलं होतं ते थांबलेल्या रक्ताबद्दल, इथे ते वाहतं आहे. डोळे झाकून आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) मात्र कधीच मारू नका, बाजूलाच व्हेगस आणि कॅरोटिड आहेत.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारं औषध दुखापतीपासून ३ तासांच्या आत सुरू करावं: १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. दुखापतीला ३ तास उलटून गेले असतील तर सुरू करू नये.

११. प्रत्येक वेळी ऑपरेशन लागतंच का?

नाही. स्थिर पेशंट, न वाढणारी सूज, सीटीत फक्त शिरेची जखम आणि धमनी, श्वासनलिका, अन्ननलिका सुखरूप असतील तर दाखल करून लक्ष ठेवता येतं. अट एवढीच, की रात्री दोन वाजताही थिएटर उघडता आलं पाहिजे.

१२. सीटबेल्टचा वळ उठलाय, कापलेलं काही नाही. शिरेला काही होतं का?

होऊ शकतं. आतलं अस्तर चिरडून काही दिवसांनी गुठळी धरते. मानेत दुखणं, दोरीसारखी कडक रेघ, एका बाजूची सूज दिसली तर डॉपलर करा. रक्त पातळ करणारी औषधं द्यायची की नाही हे बाकीच्या जखमा पाहून ठरतं. कोडिंगमध्ये गुठळीचा कोड वेगळा आहे: आंतरराष्ट्रीय आयसीडी-१० यादीत (याद्यांबद्दल प्रश्न १३) आय८२.८, अमेरिकन यादीत अंतर्गत जुग्युलरसाठी आय८२.सी.

१३. आम्ही कोडिंग शिकतोय. भारतात एक यादी, क्लासमध्ये दुसरी. कुठली खरी?

दोन्ही खऱ्या, मालक वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० ही मूळ यादी. अमेरिकेने त्यावर बेतलेली, अधिक बारीक आयसीडी-१०-सीएम ही तुमच्या क्लासमधली. मूळ यादीत कोड चार अक्षरांवर थांबतो, सीएममध्ये सात अक्षरांपर्यंत जातो. १ जानेवारी २०२२ पासून आयसीडी-११ लागू झाली आहे, तिची रचनाच निराळी असल्याने एस१५ वगैरे कोड तिथे शोधू नका. फाइल कोणाची आहे हे बघूनच यादी उघडा.

१४. मानेच्या शिरांचे कोड कोणते? ‘मायनर’ आणि ‘मेजर’ कोण ठरवतं?

मानेच्या पातळीवरच्या रक्तवाहिन्यांचं घर एस१५. बाह्य जुग्युलर एस१५.२, अंतर्गत जुग्युलर एस१५.३. धमन्या याच घरात आधी येतात: कॅरोटिड एस१५.०, व्हर्टिब्रल एस१५.१.

सीएममध्ये पुढे पाचवं अक्षर प्रकार सांगतं: ० म्हणजे प्रकार न सांगितलेली इजा, १ मायनर, २ मेजर, ९ इतर. सहावं बाजू: १ उजवी, २ डावी, ९ न सांगितलेली. म्हणजे डाव्या अंतर्गत जुग्युलरची अर्धवट फाट, पहिला उपचार: एस१५.३१२ए (शेवटच्या ‘ए’बद्दल प्रश्न १७). तीच शीर पूर्ण तुटली असती तर एस१५.३२२ए.

मायनर-मेजर किती रक्त गेलं यावर ठरत नाही. अर्धवट कापलेली, वरवरची किंवा नुसतीच ‘लॅसरेशन’ (फाट) लिहिलेली जखम मायनरमध्ये जाते. पूर्ण तुटलेली किंवा फुटलेली शीर मेजरमध्ये. प्रश्न ५ मधल्या माणसाला तीन बाटल्या रक्त लागलं, तरी त्याची जखम कोडात मायनर. मुलांना हे अन्यायाचं वाटतं, पण कोड शिरेच्या भिंतीचं वर्णन करतो, पेशंटच्या संकटाचं नाही. ते संकट शॉकच्या कोडात, टी७९.४ मध्ये, नोंदवता येतं. अर्थात डॉक्टरांनी तो लिहिलेला असेल तरच.

१५. अँटिरिअर जुग्युलर, सबक्लेव्हिअन, किंवा शीर आणि धमनी दोन्ही. यांचं काय करायचं?

अँटिरिअर जुग्युलरला स्वतःचा कोड नाही, ती एस१५.८ मध्ये जाते. एस१५.२ मध्ये ढकलू नका.

सबक्लेव्हिअन, म्हणजे गळपट्टीच्या हाडाखालची शीर, झोन एकच्या जखमेत सापडते आणि भोक मानेवर असतं, म्हणून लोक एस१५ लावतात. ती छातीच्या घरातली आहे: एस२५.३. कातडीवरचं भोक कुठे आहे यापेक्षा कापली गेलेली नळी कुठली, हे बघा.

दोन नळ्या कापल्या असतील तर मूळ यादीत अनेक रक्तवाहिन्यांसाठी एस१५.७ आहे. सीएममध्ये हा कोड ठेवलेलाच नाही, तिथे प्रत्येक नळीचा कोड स्वतंत्र द्यायचा.

१६. कातडीच्या जखमेचा कोडही द्यायचा का? आधी कुठला?

द्यायचा. मानेची उघडी जखम एस११ मध्ये, श्वासनलिका, थायरॉइड, अन्ननलिका यांत शिरली असेल तर त्या-त्या उपकोडात. मुख्य इजा शिरेची असेल तर एस१५ आधी. मोठी इजा दुसरीच असेल, उदाहरणार्थ श्वासनलिका कापली गेली आणि जाता जाता बारीक शीर फाटली, तर एस११ आधी.

१७. केंद्रात फोली घातली, आमच्याकडे ऑपरेशन झालं. सातवं अक्षर ‘ए’ की ‘डी’?

‘ए’. हे अक्षर उपचार कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगतं, पेशंट तुमच्याकडे कितव्यांदा आला ते नाही. जखमेवर प्रत्यक्ष उपचार चालू असेपर्यंत, हॉस्पिटल बदललं तरी ‘ए’. टाके काढायला किंवा जखम भरतेय का बघायला आला तर ‘डी’. वर्षभराने त्या जखमेचाच एखादा मागे राहिलेला त्रास घेऊन आला तर आधी त्या त्रासाचा कोड आणि मग जखमेचा ‘एस’ लावलेला.

१८. कारणाचा कोड कसा निवडायचा? घरचे काही बोलत नसतील तर?

लिहिलेलं असेल तेवढंच घ्या. मूळ यादीत कोयता लागला असेल तर डब्ल्यू२६, ग्रासकटरसारख्या हातात धरायच्या यंत्रामुळे असेल तर डब्ल्यू२९, सागरी प्राण्यामुळे डब्ल्यू५६, बिबट्यामुळे डब्ल्यू५५. काच लागली तर डब्ल्यू२५, पण ती महामार्गावरच्या अपघातात गाडीची असेल तर ‘व्ही’ने सुरू होणारे वाहतुकीचे कोड.

धारदार वस्तूने हल्ला एक्स९९, स्वतः केलेली जखम एक्स७८. हे दोन अंदाजाने कधीही लावू नका, या एका कोडावर कोणाचं तरी पुढचं आयुष्य ठरू शकतं. सीएममध्ये हेतूबद्दल काहीच लिहिलं नसेल तर अपघात धरायचा असतो. ‘हेतू ठरवता येत नाही’ असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं असेल तरच अनिश्चित हेतूचा वाय२८.

स्वतःला जखम करून घेतलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने उशिरा आणतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं मानतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. लगेच आणा. टाक्यांनंतरही त्याला बोलायला कोणीतरी लागेल, त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

१९. ‘पोलिस केस आहे, आधी नोंद करा’ म्हणून उपचार थांबवता येतात का?

येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की जखमीचा जीव वाचवणं आधी, बाकी सोपस्कार नंतर. मेडिको-लीगल नोंद करायचीच, पण हात जखमेवर असताना पेन दुसऱ्याने धरावं.

२०. डायलिसिसची नळी घालताना शीर फाटली. हाही एस१५ का?

नाही. एस१५ बाहेरून झालेल्या दुखापतीसाठी आहे. उपचार करताना चुकून झालेलं छिद्र मूळ यादीत टी८१.२ मध्ये, जोडीला वाय६०. सीएममध्ये ते आय९७.५ मध्ये जातं. गुंतागुंत आहे असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच हे कोड लावा. सोनोग्राफीवर बघत नळी घातली तर चुकून धमनी टोचण्याचं प्रमाण कमी होतं. मशीन खोलीत आहे, तर वापरा.

२१. शिवण्याचा आणि बांधण्याचा कोड एकच का?

वेगळे. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या ‘ब’ भागात निदानाच्या आयसीडी-१० कोडबरोबर आयसीडी-१०-पीसीएसचा, म्हणजे ऑपरेशनांच्या अमेरिकन यादीचा, रकाना असतो. उजवी अंतर्गत जुग्युलर उघडून शिवली: ०५क्यूएम०झेडझेड. डावी बाह्य जुग्युलर उघडून बांधली: ०५एलक्यू०झेडझेड. तिसरं अक्षर ‘क्यू’ म्हणजे दुरुस्ती, ‘एल’ म्हणजे बंद करणं. पाचवं अक्षर वाट सांगतं, उघड्या ऑपरेशनला शून्य. तो शून्यच आहे, ‘ओ’ नाही. पीसीएसमध्ये ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरंच वापरत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पैसे पॅकेजप्रमाणे मिळतात, तरी कागदावरचं निदान आणि ऑपरेशन एकमेकांशी जुळायला हवं.

२२. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘नेक इंज्युरी, ब्लीडर लायगेटेड’ (मानेला इजा, वाहणारी नळी बांधली) लिहिलंय. अंदाजाने अंतर्गत जुग्युलर धरू का?

धरू नका. आहे त्या कागदावर एस१५.९ यापलीकडे जाता येत नाही. सर्जनला लेखी विचारा, विचारायला संकोच करू नका.

मी स्वतः अशी ओळ लिहिलेली आहे, आता सोडून गेलेल्या एका हॉस्पिटलात. रात्रीची तिसरी केस होती. क्लेम परत आला आणि त्या बाईंचा मुलगा कोणती शीर, कोणती बाजू एवढंच लिहून घ्यायला दोनदा बस बदलून आला. बाई बऱ्या झाल्या होत्या, पण त्या कागदासाठी त्याचे दोन दिवसांचे खाडे झाले. तेव्हापासून हातमोजे उतरवण्याआधी मी मोठ्याने बोलते आणि सिस्टर लिहून घेते: ‘डावी अंतर्गत जुग्युलर, झोन दोन, पुढची भिंत, एक सेंटीमीटर, अर्धवट फाट, शिवली. कॅरोटिड, व्हेगस सुखरूप. अन्ननलिका पाहिली, सुखरूप.’ याला वीस सेकंद लागतात.